मदत हवी आहे: भावाला सीएमएल (रक्ताचा कॅन्सर), परळला राहायची सोय

पाच महिने धाकट्या भावाला रात्री दरदरून घाम, वजन उतरत चाललेलं, डाव्या बरगडीखाली जडपणा. गावात आधी टायफॉइडची, मग पित्ताची औषधं झाली. आईने दृष्टही काढली. शेवटी सीबीसी या साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी १ लाख ८० हजार निघाल्या (हव्यात ११ हजारांच्या आत!), प्लीहा वाढलेली. बीसीआर-एबीएल ही जनुकाची तपासणी पॉझिटिव्ह, म्हणजे सीएमएल. त्यावरची इमॅटिनिब ४०० मिग्रॅ गोळी रोज एक सुरू झालीय.

सोमवारी परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये दाखवायचंय. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळायला कोणते कागद लागतात? आणि या गोळीने मळमळ होते, पायात गोळे येतात म्हणे; शेतातलं काम झेपतं का? स्वतः घेत असाल तर कृपया सांगा. आईला अजून "रक्तात दोष आहे" एवढंच सांगितलंय.