गावचं रेडिओ स्टेशन मुंबईहून चालवायचं?

कृष्णाकाठ

खासगी एफएमवरचा स्थानिक माणूस नाहीसा होत चाललाय. आमच्या सांगलीतल्या एका स्टेशनवर आता सकाळचा शो तेवढा इथून होतो. बाकी दिवसभर गाणी, जिंगल आणि मधूनमधून बाहेरच्या कुठल्यातरी स्टुडिओत आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या लिंका, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं. त्या आवाजाला शहराचं नाव घेता येत नाही, कारण तीच लिंक आणखी चार गावांत वाजायची असते. मग "आपल्या शहरात", "तुमच्या गल्लीत" असं मोघम चालतं.

कायद्याने सगळं ठीक आहे. २००५ च्या धोरणात एकच कार्यक्रम अनेक केंद्रांवर वाजवायची मुभा फक्त 'सी' आणि 'डी' वर्गातल्या, म्हणजे लहान, शहरांना होती, तीही एकाच विभागात. २०११ मध्ये खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याचं धोरण आलं आणि स्वतःच्या जाळ्यात देशभर कुठेही तोच कार्यक्रम वाजवायची परवानगी मिळाली. लहान केंद्रांना हातभार म्हणून दिलेली सवलत आता धंद्याची पद्धत होऊन बसलीय.

माझा आक्षेप धंद्याच्याच बाजूने आहे. रेडिओचे श्रोते मोजणारं रॅम चारच महानगरांत चाललं: मुंबई, दिल्ली, बंगळूर, कोलकाता. सांगली-सोलापूर-नांदेडात कोण किती ऐकतं याचा तसा आकडाच नाही. इथला दुकानदार जाहिरात देतो ती स्वतः ऐकतो म्हणून आणि आरजेला ओळखतो म्हणून. तो आरजेच काढला तर विकणार काय?

दुसरं. खासगी एफएमला बातम्यांची बंदी आहे, पण २०११ च्याच धोरणाने वाहतूक, हवामान, परीक्षा, प्रवेश, वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती यांच्या सूचना 'बातमी' या व्याख्येतून बाहेर काढल्या. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अशा वेळी "आत्ता ४३ झालं, सखल भागातल्यांनी सामान हलवा" हे आदल्या दिवशी रेकॉर्ड केलेली लिंक सांगणार का?

खर्च समजून व्यवस्थापन जे कापतंय तोच त्यांचा विकाऊ माल आहे, असं माझं मत. विरोध करा, पण आकड्यांसकट.

ताळेबंद

आकड्यांसकट म्हणालात, मग वही उघडू.

लहान केंद्राचा खर्च कशाकशावर होतो? परवाना शुल्क: एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा लिलावात भरलेल्या प्रवेश शुल्काच्या २.५ टक्के, यांतलं जे जास्त ते. जाहिरात एजन्सीचं कमिशन त्या उत्पन्नातून वजा होत नाही. वर्ष बुडालं तरी ती २.५ टक्क्यांची किमान रक्कम सुटत नाही. मग टॉवरचं भाडं, बहुतेक ठिकाणी प्रसार भारतीला. ट्रान्समिटरची वीज. गाण्यांची रॉयल्टी: २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर आणली तेव्हा सगळ्यांनी हुश्श केलं, पण ती सोय दहा वर्षांचीच होती. वर एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गीतकार-संगीतकारांचा वाटा वेगळा द्यावा लागेल असं म्हटलं. यातलं एकही कलम केंद्रप्रमुखाच्या हातात नाही. त्याच्या हातात पगार आणि ऑफिसचं भाडं. म्हणून तेच कापलं जातं. त्याला आरजे आवडत नाही असं नसतं हो.

खरा घोळ लिलावात झाला. २०१५ च्या पहिल्या फेरीत दिल्लीची एक फ्रिक्वेन्सी १६९ कोटींना गेली, मुंबईची १२२ कोटींना. जुन्या परवानाधारकांनाही लिलावातल्या भावाच्या हिशेबाने पैसे भरून पुढच्या टप्प्यात यावं लागलं. त्या फेरीत १३५ पैकी ९७ फ्रिक्वेन्सी विकल्या गेल्या. पुढच्या वर्षीच्या फेरीत २६६ पैकी फक्त ६६. दोनशे फ्रिक्वेन्सींना गिऱ्हाईकच मिळालं नाही आणि त्या मुख्यतः तुमच्या-माझ्यासारख्यांच्या गावांच्या होत्या. बाजाराने तेव्हाच सांगितलं होतं की लहान शहरात हे गणित बसत नाही.

आणि असल्या चुकीची ही पहिली वेळही नव्हे. २००५ च्या आधी, पहिल्या टप्प्यात, शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायचं. त्या पायी किती जणांनी स्टेशन सुरूच केलं नाही, आणि मुंबईत विन ९४.६ सुरू होऊन बंद पडलं. २००५ मध्ये उत्पन्नातला हिस्सा घ्यायची पद्धत आली तेव्हा कुठे धंदा उभा राहिला. दहा वर्षांनी याच रेडिओ कंपन्या पुन्हा बोली चढवत बसल्या.

तेव्हा मॅनेजमेंटला शिव्या द्यायच्या तर २०१५ च्या द्या. आज खुर्चीवर बसलेल्यापुढे दोनच रस्ते आहेत, स्टेशन बंद करणं किंवा ते मुंबईहून चालवणं. टीव्ही टुडेने २०२५ च्या सुरुवातीला आपला रेडिओ बंद करायचा निर्णय जाहीर केला, तोही मुंबई-दिल्ली-कोलकात्यातला. बिग एफएमची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाऊन नव्या मालकाकडे गेली. तुम्ही सांगलीच्या दुपारच्या शोसाठी रडताय.

ऐकून_कंटाळलो

स्थानिक आरजेचं एवढं कौतुक कशाला? सकाळी सात वाजता कुणालातरी फोन लावून चेष्टा, मग स्वतःच खो खो हसायचं. बोलणं अर्धं हिंदी. सांगलीचा पोरगा माईकसमोर बसला की वांद्र्याचा होतो. नक्कलच ऐकायची तर अस्सल मुंबईचाच ऐकतो की. निदान त्याचं हिंदी तरी बरं असतं.

माजी_आरजे

कंटाळलोजी, टोला बसला, पण तो पोरगा असा का बोलतो ते ऐका. कसं बोलायचं याचं ब्रीफ वरून येतं. "टार्गेट श्रोता २५ वर्षांचा, अ‍ॅस्पिरेशनल." मीसुद्धा एका शहरात (नाव नको, स्टेशनचंही नको) असंच बोललो. ग्रामीण ढंगात लिंक टाकली की प्रोग्रॅमिंगवाल्यांचा फोन यायचा, "थोडं अर्बन ठेव." प्लेलिस्ट आमच्या हातात नव्हतीच. गाणं एक मिनिट पुढेमागे करायलाही विचारावं लागायचं.

ताळेबंद, तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण कपात कशी होते ते आतून बघा. आरजे शेवटी जातो. आधी साउंडवाला जातो, म्हणतात प्रोमो मुंबईहून येतील. मग कॉपी लिहिणारा जातो, म्हणतात सेल्सवालाच लिहील. मग प्रोड्यूसर जातो. आता आरजेने विषय शोधायचा, पाहुणा बोलवायचा, बाइट कापायचा, जाहिरातींचे स्पॉट लावायचे, इन्स्टावर रील टाकायचा आणि संध्याकाळी शोरूमच्या उद्घाटनाला उभं राहायचं. शो पातळ होतो. मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "तसाही या शोमध्ये काय उरलंय?" आणि ते खरंच असतं. नुसता पगार वाचला असं धरलंत तर मधल्या काळात पळालेला श्रोता कुठल्या रकान्यात टाकणार?

सराफकट्टा

मी या धाग्यातला बहुधा एकटाच जाहिरात देणारा. तालुक्याच्या गावी पेढी आहे.

मला त्या रॅम-बिमचं घेणं नाही. मला गिऱ्हाईक दुकानात येऊन "रेडिओवर ऐकलं" म्हणालं पाहिजे. ते म्हणायचं आरजे मेन्शनमुळे. रेकॉर्डेड स्पॉट महिनाभर वाजवला तरी कुणी बोलत नाही, पण आरजेने गप्पांच्या ओघात "काल कट्ट्यावर गेलो, ठुशीची नवी डिझाइनं आलीत" असं म्हटलं की दोन दिवस बायका विचारत येतात. मेन्शनचा दर स्पॉटपेक्षा चढा, तरी मी तेच घ्यायचो.

आता तो आरजे नाही. सेल्सचा मुलगा येतो आणि सहा शहरांचं पॅकेज गळ्यात मारतो. बाबा, माझं दुकान एका गावात, मी नांदेडात जाहिरात करून काय करू? म्हणतो, "सर, हेड ऑफिसची स्कीम आहे, एकावर एक फ्री."

मग मी काय केलं? त्याच काढून टाकलेल्या आरजेला गाठलं. त्याचं इन्स्टा आहे. सणाला दोन रील करून देतो. पैसे थेट त्याला.

ताळेबंद

सराफसाहेब, तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत. आरजेची ओळख स्टेशनच्या माईकवर घडली आणि कमाई तो बाहेर करतोय. तो पगारावर असताना हे होत नव्हतं असं नाही. मग मालकाने पगार देऊन इन्फ्लुएन्सर तयार करायचे आणि गमवायचे? त्यापेक्षा हेड ऑफिसातून कॉर्पोरेट आणि सरकारी जाहिराती आणणं सोपं. सरकारी स्पॉटचा मूळ दर २०२३ मध्ये दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ झाला. फार नाही, पण तो स्पॉट आरजे असो वा नसो, वाजतो.

सराफकट्टा

७४ रुपयांत खूश राहा मग.

मिनेसोटावासी

आमच्या शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यातलं मायनॉट शहर या वादात यायलाच हवं. १८ जानेवारी २००२, मध्यरात्रीनंतर मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग शहरावर आला. एक माणूस गेला, शेकडो लोकांना त्रास झाला. शहरातली सहाही व्यावसायिक स्टेशनं क्लिअर चॅनल या एकाच कंपनीची होती. पोलिसांनी फोन लावले, ते कुणी उचलले नाहीत. बाहेर विषारी वायू आणि रेडिओवर आपली गाणी चालूच.

मुळात १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभर किती स्टेशनं घ्यावीत याची मर्यादा काढली, तेव्हा क्लिअर चॅनल शंभराच्या आतून बाराशेच्या घरात गेली. पुढे २००८ मध्ये कर्ज काढून कंपनीचा सौदा झाला, आणि दर मोठ्या कपातीत ऐकवलं गेलं की "कार्यक्षमता वाढतेय". जानेवारी २०२० मध्ये आयहार्टमीडिया या नव्या नावाखाली पुन्हा माणसं काढली. त्याआधी २०१८ मध्ये दिवाळखोरी झालीच होती. आरजे कापून वीस अब्ज डॉलरचं कर्ज फिटत नाही, एवढं तरी यातून दिसावं.

ताळेबंद

मायनॉटची गोष्ट अशी अर्धी सांगू नका. आपत्तीचा इशारा थेट सगळ्या स्टेशनांवर घुसवायची यंत्रणा अमेरिकेत तेव्हाही होती आणि पोलिसांकडून ती त्या रात्री चालूच झाली नाही. कंपनीचं म्हणणं होतं की रात्री माणूस हजर होता, फोन लाइनी लोकांच्या फोनांनी तुंबल्या होत्या. कपातीचा दोष किती आणि पोलिसांचा किती, यावर तिकडेही एकमत नाही.

कर्जाचा मुद्दा मात्र घेतो. कंपनी बुडते ती कर्जाने किंवा लिलावाने, पगाराने क्वचितच. पण कृष्णाकाठ यांना विचारायचंय: २०१९ च्या पुरात तुम्ही माहिती कशावरून घेतलीत? रेडिओवरून की व्हॉट्सअ‍ॅपवरून?

कृष्णाकाठ

खरं सांगतो, सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅप. त्यावर धरण फुटल्याच्या अफवा जेवढ्या आल्या तेवढी पाण्याची खरी पातळी आली नाही. मग वीज गेली, मोबाइलला रेंज नाही, असली तर चार्जिंग नाही. तेव्हा सेलवरचा रेडिओच कामाचा. आता तर फोनमधून एफएमही गायब होतोय. २०२३ मध्ये केंद्र सरकारला मोबाइल कंपन्यांना सांगावं लागलं की हँडसेटमधला एफएम बंद ठेवू नका. त्या सूचनेत आपत्तीचंच कारण दिलं होतं.

माझी सूचना साधी आहे. दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम वाजवायची मुभा राहू द्या, पण रोजचे ठरावीक तास त्याच शहरातून, थेट, माणूस बसवून करायची अट घाला. त्या बदल्यात लहान शहरांचं शुल्क उतरवा. प्रवेश शुल्काची ती २.५ टक्क्यांची भानगड काढून सरळ ४ टक्के घ्या, असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२३ मध्ये सुचवलंच होतं. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतल्या ७३० चॅनलांसाठी ते मान्यही केलं. जुन्यांना का नाही? दर तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्या, हेही ट्रायने त्याच वेळी म्हटलंय. ती मिळाली तर स्थानिक माणूस लागेलच.

ऐकून_कंटाळलो

सांगलीच्या बातम्या मुंबईहून वाचतील. "आयर्विन" ऐवजी "इरविन ब्रिज" म्हणतील. पैज?

ताळेबंद

शुल्काच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत, जुन्यांनाही मिळायला हवं. पण तासांची अट घातलीत तर निम्मी लहान केंद्रं परवाना परत करतील. २०१५ ला नव्या टप्प्यात आलेले परवाने मार्च २०३० ला संपतात. पुढे काय हे माहीत नसताना सांगलीत नवा प्रोड्यूसर नेमा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? मी अशाच एका कंपनीचे हिशेब बघतो, म्हणून बोलतोय.

माजी_आरजे

मग हे आधी सांगायचं होतं ना, ताळेबंद! आमच्या नावापुढे लाल रेघ मारणारे तुम्हीच की काय?

ताळेबंद

रेघ वरून येते. मी फक्त बेरीज करतो.

माजी_आरजे

त्या बेरजेत मेन्शनचं उत्पन्न आरजेच्या नावावर धरता की सेल्सच्या?

ताळेबंद

सेल्सच्या.

माजी_आरजे

आणि पगार?

ताळेबंद

प्रोग्रॅमिंगच्या खर्चात. हो, कळलं कुठे नेताय ते. पण ती रचना मी केलेली नाही, आणि बदलायला सांगितली तर सेल्सवाले मला जिवंत ठेवणार नाहीत.

कृष्णाकाठ

एवढं पान भरून झाल्यावर मुद्द्याचं आत्ता निघालं. जो कमावतो तो तुमच्या वहीत नुसता खर्च म्हणून दिसतो, तर प्रत्येक कपातीत त्याचंच नाव येणार. यावर मुंबईत बसलेल्या कुणी बोलेल का? क्लस्टर हेड, म्हणजे अनेक स्टेशनांचे प्रमुख, वगैरे असतील इथे, नाव बदलून वाचत असतात.

सराफकट्टा

ते येईपर्यंत, माजी_आरजे, व्यनि (खासगी निरोप) बघा. दिवाळीचं बोलायचंय. आमच्याकडच्या आरजेने दर वाढवलाय.