भाड्याची एसबीएलसी आणि चटईचा दाणा

एका भावाने विचारलंय, कापसाचं जिनिंग वाढवायला परदेशी बँकेची एसबीएलसी (स्टँडबाय लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँक गॅरंटीसारखीच लेखी हमी) 'भाड्याने' घेऊन तिच्यावर कर्ज काढता येईल का. एजंट फी आधी मागतोय. भाऊ, एक रुपयाही देऊ नका.

गॅरंटी असो की स्टँडबाय, तो पैसा नाही, बँकेचा शब्द आहे. तुम्ही चुकलात की बँक समोरच्याला देते आणि मग तुमच्या मागे लागते. म्हणूनच ती आधी किती रकमेपर्यंत हमी द्यायची ती मर्यादा ठरवते, मार्जिनला म्हणजे तुमच्या वाट्याच्या रकमेला एफडी अडकवते, तारण घेते. असा शब्द अनोळखी माणसासाठी भाड्याने कोण देईल? एजंट लोक 'एमटी ७६०' मंत्रासारखं जपतात. तो स्विफ्ट या बँकांच्या संदेश-जाळ्यावरून बँकेकडून बँकेला जाणारा हमीचा संदेश आहे, व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून येणारा नव्हे.

खरा उपयोग आपल्याकडेच बघा. जळगाव एमआयडीसीतला प्लास्टिकच्या चटया बनवणारा त्यासाठी लागणारा प्लास्टिकचा दाणा उधारीवर उचलतो तो गॅरंटी देऊन. माल विकून पैसे भरायला जी मुदत मिळते, तेच त्याचं भांडवल. सरकारी ठेकेदार गॅरंटीवर मोबिलायझेशन ॲडव्हान्स (काम सुरू करायला मिळणारी उचल) घेतो, बिलातून कापून ठेवलेली अनामतही सोडवतो. स्टँडबायवर कर्ज मिळतं, पण बहुधा परदेशातली मूळ कंपनी आपल्या बँकेकडून ती इथल्या बँकेच्या नावे काढून देते तेव्हा. आपल्या जिनिंगला असा बाप कुठला!

गॅरंटी काढलीच तर मुदत संपल्यावर गॅरंटीचा मूळ कागद समोरच्याकडून परत आणून बँकेत जमा करा. तोवर मार्जिन सहसा सुटत नाही.