वसुलीवाले "कोर्टातून बोलतोय" म्हणतात, वर २,००० भरून मेसेज करा म्हणतात. उत्तर काय द्यायचं?

धायरीकर_१२

मोठ्या बहिणीचं वैयक्तिक कर्ज आहे, एका एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्तसंस्थेचं), १,८०,००० रुपयांचं. नोकरी गेल्यावर हप्ते थांबले. शेवटचा हप्ता भरून पावणेतीन वर्षं होत आली. मध्यंतरी सगळं शांत होतं, गेल्या महिन्यापासून रोज आठ-दहा फोन येतात.

फोनवर काय काय सांगतात ते लिहितो. "शिवाजीनगर कोर्टातून बोलतोय, तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय, पाच वाजेपर्यंत पैसे भरा." व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ छापलेली 'अटकपूर्व अंतिम सूचना' आली. दाजींच्या ऑफिसात एचआरला फोन गेला. एक जण सोसायटीच्या गेटवर येऊन वॉचमनला सगळी रक्कम सांगून गेला. आणि काल एकदम गोड आवाजात: "ताई, आज फक्त २,००० यूपीआय करा आणि 'बाकी मान्य आहे, थोडी मुदत द्या' एवढं व्हॉट्सॲपवर टाका. फाईल होल्डवर ठेवतो."

कर्ज घेतलंय हे खरं, ते बुडवायचंही नाही. पण यातलं खरं किती, खोटं किती, आणि लेखी उत्तर द्यायचं तर कोणाला?

सदाशिव_३०

आधी ते २,००० भरू नका आणि ते वाक्य लिहू नका. बाकीचं सावकाश बघू.

पावणेतीन वर्षांनी गोड आवाज का आला, हे समजून घ्या. मुदत कायदा १९६३ प्रमाणे पैशांच्या वसुलीचा दावा साधारण ३ वर्षांत दाखल करावा लागतो. ती मुदत संपायच्या आत कर्जदाराने सही करून बाकी कबूल केली तर कलम १८ प्रमाणे ३ वर्षं नव्याने मोजतात. अंशतः पैसे भरले आणि त्याची कर्जदाराच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद राहिली तर कलम १९ प्रमाणे तेच होतं. तुमच्याकडून दोन्ही एकाच फोनमध्ये मागितलं आहे. व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे सही का, यावर वकील भांडत बसतील. तुम्ही तो वाद घालायला कागद पुरवू नका.

यातली मेख अशी की "मी देणार नाही" म्हणत बाकी मान्य केली तरी ती कबुलीच धरली जाऊ शकते. त्यामुळे रागाच्या भरात "हो, घेतलेत एक लाख ऐंशी, काय करायचं ते करा" असलं काही लिहिलं तर ते त्यांच्या पथ्यावरच पडतं. मुदत संपून गेल्यावर सही करून 'देईन' असं लिहून दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे तो नवा बंधनकारक करार होऊ शकतो. म्हणजे मुदत संपली म्हणून कशावरही सही करायला मोकळे झालो, असंही नाही.

आता उलट बाजू. मुदत संपली म्हणजे कर्ज पुसलं गेलं असं होत नाही. दाव्याचा रस्ता बंद होतो इतकंच. सिबिलवरची नोंद त्याने जात नाही. आणि त्यांनी मुदतीत दावा दाखल केला असेल तर या हिशेबाचा काही उपयोग नाही. म्हणून आजच ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या सरकारी वेबसाईटवर) बहिणीच्या नावाने शोधा: महाराष्ट्र, पुणे, पक्षकाराचं नाव, वर्ष. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावांनी. कर्जाच्या कागदावर दुसऱ्या शहराचं कोर्ट लिहिलं असेल तर तिथेही बघा.

पैसे द्यायचे की नाहीत, किती आणि कधी, हे बहिणीने डोकं शांत ठेवून ठरवायचं. एजंटच्या 'पाच वाजेपर्यंत'ने नाही.

पोच_पावती

वरच्या उत्तराला धरूनच लेखी भागाचं सांगतो. एजंटला काहीही लिहू नका. पत्र जातं ते संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्याचा इमेल संस्थेच्या वेबसाईटवर असतो. इमेल करा, आणि तोच मजकूर स्पीड पोस्टने पाठवून पावती ठेवा. मजकूर साधारण असा:

"कर्ज खाते क्र. … वर बाकी असल्याचे सांगत आपल्या वतीने दि. … पासून फोन येत आहेत. आपल्या म्हणण्यानुसार असलेल्या रकमेचा तपशील द्यावा, त्यात मुद्दल, व्याज व दंडात्मक आकार वेगवेगळे दाखवावेत. खातेउतारा, तसेच खाते दुसऱ्या संस्थेकडे वर्ग झाले असल्यास त्या पत्राची प्रत द्यावी. वसुलीसाठी नेमलेल्या एजन्सीचे व प्रतिनिधीचे नाव कळवावे. पुढील संपर्क याच इमेलवर करावा. कुटुंबीय, नोकरीचे ठिकाण व सोसायटी येथे संपर्क करू नये. या पत्रातील कोणताही मजकूर रकमेची कबुली समजू नये."

त्याखाली घटना लिहा, विशेषणं नकोत. "अत्यंत उद्धट भाषेत मानसिक छळ" याने काही सिद्ध होत नाही. "दि. १२, रात्री ८:४०, क्रमांक अमुक, स्वतःला कोर्टाचा माणूस म्हणवून वॉरंट निघाल्याचे सांगितले, रेकॉर्डिंग २ मि. १० सेकंद" याने होतं. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलंय: थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, सारखे फोन नाहीत, खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती नाही, चारचौघांत अपमान नाही, घरच्यांच्या आणि मित्रमंडळींच्या खाजगीपणात घुसखोरी नाही. एजंट कंत्राटी असला तरी जबाबदारी संस्थेचीच. "तो आमचा माणूस नव्हे, एजन्सीचा" हे उत्तर चालत नाही. वॉचमनला रक्कम सांगणं तर सरळ यात बसतं, त्यामुळे गेटच्या रजिस्टरमधल्या त्या पानाचा फोटो आजच काढा. सीसीटीव्हीचं फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून सेक्रेटरींना लगेच लेखी कळवून ते जपून ठेवायला सांगा.

इमेल गेला त्या दिवसापासून ३० दिवस मोजायचे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस या तिच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी फोन १४४४८. इथे बहुतेक तक्रारी एकाच कारणाने परत येतात: संस्थेला आधी लिहिलेलंच नसतं, किंवा एजंटशी झालेलं चॅट हीच 'तक्रार' म्हणून जोडलेली असते.

दारात कोणी आलं तर तीन गोष्टी मागा: ओळखपत्र, संस्थेचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत. त्या सोबत ठेवणं त्याचं काम आहे. एकही नसेल तर दारातूनच परत. रोख नाही, कोऱ्या कागदावर सही नाही, नवा चेक नाही. तरी हलत नसेल तर पोलिसांना ११२ वर फोन.

रेकॉर्डिंगबद्दल एक. फॉरवर्ड करून मूळ फाईल उडवू नका, फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका. पुढे कोर्टात दाखवायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ फाईलवर उभं असतं.

कोर्टगल्ली

'वॉरंट' आणि 'सूचना' यांची चिरफाड करू.

कोर्ट फोन करून पैसे मागत नाही. खऱ्या खटल्याला १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, असतो. पुणे जिल्हा न्यायालयाचा 'एमएचपीयू'ने सुरू होतो आणि शेवटचे चार अंक वर्षाचे. फोनवाल्याला शांतपणे म्हणा, "सीएनआर सांगा, लिहून घेते." बहुतेक वेळा तिथेच फोन कट होतो. नंबर दिलाच तर ई-कोर्ट्सवर टाकून बघा. दुसऱ्याच कोणाच्या खटल्याचा नंबर ठोकून देणारेही आहेत, म्हणून पक्षकारांची नावं वाचा.

पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आता बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३५(३) खाली निघते, आणि ती व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. 'अटकपूर्व अंतिम सूचना' नावाचा कागद कुठल्याही कायद्यात नाही.

लोकअदालतीच्या नोटिशीचा मात्र घोळ होतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीच्या, प्रकरणांच्या खऱ्या नोटिसा येतात. एजन्सीवालेही त्याच चेहऱ्याचा कागद छापतात. प्राधिकरणाचं कार्यालय शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात आहे, नोटीस घेऊन विचारता येतं. खरी असली तरी दाखलपूर्व प्रकरणात गैरहजर राहिलं म्हणून वॉरंट निघत नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तरच निवाडा होतो. बहिणीला वकील परवडत नसेल तर याच कार्यालयात विनामूल्य विधी साहाय्य मागा. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पोलिसांत जायचं असेल तर अर्जाची सुरुवात 'धमकी दिली'ने करू नका. नुसत्या धमकीवर एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घरी पाठवतात. पहिल्या ओळीत लिहा: कोर्टाचा कर्मचारी असल्याची बतावणी केली, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम २०४. तो गुन्हा दखलपात्र आहे. दुसऱ्या ओळीत बनावट कागद. धमकी, कलम ३५१, तिसऱ्या ओळीत. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ठाण्यात घेतलाच नाही तर बीएनएसएस कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज टपालाने वरिष्ठांकडे, आपल्याकडे पोलिस उपायुक्तांकडे. पिंपरी-चिंचवडला आयुक्तालय वेगळं आहे, तिकडचे लोक चुकून इकडे अर्ज पाठवतात आणि दोन आठवडे जातात.

धायरीकर_१२

ई-कोर्ट्सवर दोन्ही नावांनी काही नाही. दोन प्रश्न राहिले. कर्ज घेताना सही केलेले तीन कोरे चेक दिले होते. आणि आज म्हणतात, ६५,००० मध्ये सेटलमेंट, पण लेटर पैसे भरल्यावर.

कोर्टगल्ली

चेक दिलेत, हे आधी सांगायला हवं होतं. "कर्ज न फेडणं दिवाणी बाब, अटक होत नाही" हे व्हॉट्सॲपी ज्ञान इथे अर्धवट ठरतं. चेकवर तारीख टाकून बँकेत लावला आणि परतला, तर चेक न वटण्याबद्दलचं, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ फौजदारी आहे. हप्त्याचं ई-मँडेट (खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी) परतलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ तसंच. दोन्हीत क्रम ठरलेला: परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर खटला. म्हणून वकिलाच्या नावाचं पाकीट आलं तर घ्या, 'घर बंद' करून परत पाठवू नका. पाकिटावरची तारीख जपा आणि १५ दिवसांच्या आत वकिलाकडून उत्तर द्या. 'स्टॉप पेमेंट' केलं म्हणून १३८ टळतं, हा गैरसमज आहे. लवादाची (कोर्टाबाहेर वाद निकाली काढणाऱ्याची) नोटीस आली तर तीही अशीच: लवाद त्यांनी एकतर्फी नेमला असेल तर हरकत लेखी आणि लगेच नोंदवायची, गप्प बसायचं नाही.

पोच_पावती

पत्र आधी, पैसे नंतर. याला अपवाद नाही. पत्र संस्थेच्या लेटरहेडवर, संस्थेच्या अधिकृत इमेलवरून, त्यात कर्ज खाते क्रमांक, एकूण रक्कम, शेवटची तारीख, 'पूर्ण व अंतिम' हे शब्द, आणि ते तीन चेक परत करण्याची ओळ. आलेलं पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवून "हे आपणच दिलंय ना" विचारा, कारण बनावट सेटलमेंट लेटरही फिरतात. भरणा फक्त कर्ज खात्यात. एजंटच्या यूपीआयवर गेलेला रुपया तुमच्या उताऱ्यात दिसत नाही. नंतर बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, घ्या.

"सिबिल क्लीन करून देतो" हे खोटं. कमी रकमेत मिटवलं की नोंद 'सेटल्ड' होते, 'क्लोज्ड' नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायला ३० दिवस असतात, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई.

सहकार_कट्टा

धागा वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. कर्ज पतसंस्थेचं असेल तर वरचं बरंच लागू होत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे येत नाही, तक्रार उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाते. आणि तिथला 'वसुली अधिकारी' खरा असू शकतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकांनी वसुली दाखला दिला की कलम १५६ प्रमाणे जप्ती होते, दिवाणी दाव्याची गरज नसते. माणूस दारात आला तर १०१ च्या दाखल्याची प्रत आणि त्याचं नेमणूकपत्र मागा. दाखल्याआधीच्या सुनावणीची नोटीस आली तर तिथे हजर राहून रकमेचा हिशेब मागा. दाखला निघाल्यावर कलम १५४ खाली पुनरीक्षण (वरिष्ठांकडून फेरतपासणी) करायचं म्हटलं की आधी ५० टक्के रक्कम भरावी लागते. जामीनदारांनीही त्या सुनावणीला जायचं, त्यांची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. फॉर्मवर नुसतं 'संदर्भ' म्हणून ज्याचा नंबर दिलाय तो जामीनदार नव्हे, त्याच्याकडून कोणी काही वसूल करू शकत नाही.