घरातली साखर कमी करायची आहे : सुरुवात कुठून करावी?

सांजवात :

नमस्कार. माझे वय ४३ वर्षे असून मी पुण्यात बँकेत नोकरी करते. मागच्या आठवड्यात झालेल्या वार्षिक तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर १०८ आणि एचबीए१सी (रक्तातील साखरेची काही महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी) ६.१ आली. हा मधुमेह नव्हे, त्याच्या आधीची अवस्था आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. औषध दिले नाही. गोड कमी करा, रोज चाला आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा, असा सल्ला दिला. माझी उंची १५५ सेंटीमीटर आणि वजन ५४ किलो आहे, त्यामुळे हा अहवाल आपलाच आहे यावर माझा दोन दिवस विश्वासच बसला नाही.

घरात आम्ही पाच जण आहोत : सासूबाई, सासरे, आम्ही दोघे आणि चौदा वर्षांचा मुलगा. सासरे काही वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेतात. मी मिठाई, आइस्क्रीम किंवा शीतपेये फारशी घेत नाही, म्हणून कमी करायचे ते नेमके काय, हेच मला उमगत नाही. चहा मात्र दिवसाकाठी पाच वेळा होतो आणि त्याशिवाय माझे चालत नाही. मागे दोनदा मी साखर एकदम बंद करून पाहिली. पहिल्या वेळी नऊ दिवस निभावले, दुसऱ्या वेळी गणपती आले आणि सगळे पूर्वपदावर गेले. सासूबाई मायेने म्हणतात की घरी केलेले गोड कधी बाधत नाही, आणि त्यांना दुखवण्याची माझी इच्छा नाही.

साखरेऐवजी गूळ किंवा मध वापरला तर चालेल का, आणि माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक न करता हे साधता येईल का? ज्यांनी स्वतः हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ताकभात :

सांजवात, काहीही सोडण्यापूर्वी तुमच्या वाण्याच्या यादीतील साखरेचा आकडा पाहावा, असे मी आग्रहाने सुचवते. सहा वर्षांपूर्वी माझ्या पतींना हेच निदान झाले तेव्हा आम्हीही 'आमच्याकडे गोड फारसे होत नाही' असेच म्हणत होतो. महिन्याची साखर आणि गूळ यांचे वजन एकत्र करून त्याला तीस दिवसांनी आणि घरातल्या माणसांच्या संख्येने भागले, तेव्हा जे उत्तर आले ते पाहून आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

तुलनेसाठी एक आकडा सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शनानुसार अशी वरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्य असल्यास ५ टक्क्यांच्या खाली आणावी. दिवसाला २००० उष्मांक घेणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ पहिल्या मर्यादेत ५० ग्रॅम आणि दुसरीत २५ ग्रॅम होतो. मध, गूळ आणि फळांचा रस यांतील साखरही यात धरली जाते. अख्ख्या फळातील आणि दुधातील नैसर्गिक साखर धरली जात नाही. सपाट चमचाभर साखर साधारण ४ ग्रॅम भरते, पण आपण चहात घालतो तो चमचा सहसा शीग लावलेला असतो, तेव्हा एकदा तो काट्यावर ठेवून पाहावा.

आमच्या घरात खरा बदल झाला तो एका साध्या कृतीने. आपल्याकडे साखर चहाच्या पातेल्यातच आधणाबरोबर पडते. ज्याला कमी हवी आहे त्यालाही सगळ्यांच्याच गोडीचा चहा मिळतो, आणि कोणी किती साखर घेतली याचा कधीच हिशोब लागत नाही. आम्ही चहा बिनसाखरेचा उकळायला सुरुवात केली आणि साखरेची वाटी व चमचा बाहेर ठेवला. ज्याने त्याने आपल्या कपात घालावी, कोणी कोणाला टोकू नये, एवढाच नियम होता. पहिल्याच महिन्यात साखर दीड किलोने कमी लागली, कारण स्वतःच्या हाताने दुसरा चमचा घालताना माणूस क्षणभर थांबतो. पतींनी दर दहा-बारा दिवसांनी अर्धा चमचा उतरवला. आले, गवती चहा किंवा वेलची थोडी सढळ हाताने घातली की चहा पाणचट लागत नाही. दोन महिन्यांनी एका लग्नात नेहमीच्या गोडीचा चहा समोर आला तेव्हा त्यांना तो अर्धाही पिववेना. जिभेला सवय व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिला दिला तर ती खरोखर बदलते. तुमचे दोन्ही प्रयत्न फसले ते निश्चय कमी पडला म्हणून नव्हे. नऊ दिवस ही मुदतच त्यासाठी फार अपुरी होती.

बँकेतील चहाचे मात्र वेगळे पाहावे लागेल, कारण तो थर्मासमध्ये आयताच गोड येतो. तिथे दोनाऐवजी एकच घ्यावा किंवा स्वतःपुरता चहा घरून न्यावा.

पंचगंगेकाठी :

गुळाच्या प्रश्नावर मी अधिकाराने लिहू शकतो, कारण आमचे घर कोल्हापूर जिल्ह्यातील असून आजोबांच्या काळापासून आमचे गुऱ्हाळ आहे. उसाचा रस काहिलीत उकळतो, वर येणारी मळी काढून टाकतो, रस आटत आटत काकवी होते आणि आणखी आटला की गूळ. या सगळ्या प्रक्रियेत रसातील पाणी आणि मळी जाते, साखर कुठेही जात नाही. गुळात थोडे लोह आणि इतर खनिजे राहतात हे खरे आहे, पण त्याचा मोठा भाग साखरच असतो, आणि दिवसाला दोन चमचे गुळातून मिळणारी खनिजे मूठभर शेंगदाण्यांच्या किंवा वाटीभर मेथीच्या भाजीच्या जवळपासही जात नाहीत. मधाचेही तेच : त्यातही सुमारे चार-पंचमांश साखर असते. खजूर वाटून केलेल्या 'बिनसाखरेच्या' लाडवांनाही हेच लागू पडते.

आमच्याच घरात काकांनी मधुमेह झाल्यावर साखर सोडून गूळ धरला, आणि गूळ बाधत नाही या समजुतीने साखरेच्या दुप्पट खाल्ला. रक्तातील साखर उतरली नाही, उलट वाढली. गूळ हे आमचे उपजीविकेचे साधन आहे आणि संक्रांतीच्या गूळपोळीवर माझे प्रेम आहे, म्हणूनच कळकळीने सांगतो की गूळ त्याच्या चवीसाठी खावा, औषध म्हणून खाऊ नये. आमटीला चव आणणारा खडा आणि चहात पडणारा गूळ यांत फरक आहे. पहिला पाच माणसांत वाटला जातो, दुसरा दर कपाला लागतो.

सूक्ष्मदर्शक :

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे काम करते. उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील. अहवाल कसा वाचावा, एवढ्यापुरतेच मी लिहिते.

उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व अवस्थेच्या प्रचलित मर्यादा आहेत, आणि तुमचे दोन्ही आकडे त्यांत बसतात. एचबीए१सी ही चाचणी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून आठवडाभर पथ्य करून ती पुन्हा करण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र अवश्य करावी : हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासून घ्यावे. शरीरात लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा थोडे जास्त दिसू शकते, आणि तुमच्या वयाच्या स्त्रियांत ही कमतरता आमच्याकडे रोज दिसते. उपाशीपोटीचा आकडाही वाढलेला असल्याने तुमचे निदान यामुळे पुसले जाईल असे नाही, पण तीन महिन्यांनी दोन अहवालांची तुलना करताना ही माहिती हाताशी असावी.

वजनाबद्दल तुम्हाला वाटलेले आश्चर्य स्वाभाविक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच विषयावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःची आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली : दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनाचा काटा आपल्या लोकांच्या बाबतीत अर्धीच गोष्ट सांगतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यातील चालणे विसरू नये, आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायामही करावा.

तुमच्या सासऱ्यांविषयी एक सूचना. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी, आहार अचानक कमी झाल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घरातील आहार बदलण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना कळवावे, आणि घाम, थरथर, गोंधळलेपणा अशी लक्षणे दिसल्यास त्यांना लगेच साखर देता येईल अशी ती हाताशी ठेवावी. साखर कमी करणाऱ्या घरातही ती बरणी रिकामी नसावी.

सांजवात :

सर्वांचे मनापासून आभार. आज यादी काढून पाहिली : महिन्याला ६ किलो साखर आणि १ किलो गूळ. पाच माणसांत वाटले तर रोज प्रत्येकी सुमारे ४७ ग्रॅम होतात, आणि यात बिस्किटे, मुलाची दुधात घालायची पावडर किंवा बाहेरचे काहीही धरलेले नाही. गोड न खाणाऱ्या माझ्या घराचा हा हिशोब आहे, हे सासूबाईंना दाखवले तेव्हा त्यांनी स्वतः पुन्हा भागाकार करून पाहिला.

दुर्वांकुर :

सासूबाईंनी भागाकार केला, ही या धाग्यातील सर्वांत चांगली बातमी आहे. आता त्यांनाच सोबत घ्यावे. माझ्या आईचाही विरोध 'हे करू नका' म्हटल्यावर होता. 'उद्या नाश्त्याला काय करूया' असे विचारल्यावर तिनेच मला विसरलेले दहा पदार्थ आठवून दिले.

नाश्त्यात साखरेइतकेच लक्ष पिठूळ पदार्थांकडे द्यावे लागते. नुसते पोहे, उपमा किंवा शिरा खाल्ला की अकरा वाजता पुन्हा भूक लागते, आणि ती भूकच चहा-बिस्किटांकडे ओढते. पोहे सोडण्याची गरज नाही. निम्मे पोहे आणि निम्मी मोड आलेली मटकी, वर शेंगदाणे, असे केले तर तीच बशी दुपारपर्यंत पुरते. भाजणीचे थालीपीठ आणि दही, मुगाचे धिरडे, चालत असल्यास अंडी, हे सगळे घरातल्या पाचही जणांना एकत्र खाता येते. उपासाच्या दिवशी साबुदाण्याचा विशेष विचार करावा, कारण तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्याऐवजी थोडी भगर आणि तिच्यासोबत शेंगदाण्याची दाट आमटी घेता येते. जेवताना आधी कोशिंबीर, उसळ आणि भाजी, आणि मग भाकरी किंवा भात, या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी उसळते. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे गच्चीवर चालणे हे तर पथ्याइतकेच उपयोगी आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर हाताशी काय आहे यावर बरेच अवलंबून असते. आमच्याकडे खारी आणि टोस्टचा डबा होता, त्याच डब्यात आता फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे असतात.

मुलाच्या पावडरीचे वेष्टन उलटून पाहावे. त्यावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर हे दोन्ही आकडे मिळतील, आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर काय समजायचे ते उघड आहे. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावेही लक्षात ठेवावीत, कारण तेही रक्तातील साखर वाढवणारे घटकच आहेत. साखरेऐवजी कृत्रिम गोडीच्या गोळ्या घ्याव्यात असे मी सुचवणार नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा वापर करू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली म्हटले आहे, आणि त्यांनी जिभेची गोडाची अपेक्षा तशीच राहते.

सणांना पुरणपोळी अवश्य करावी. फक्त ती त्या दिवशीच संपावी, आठवडाभर डब्यात राहू नये.

सांजवात :

चौदा आठवड्यांनी लिहिते आहे. वाण्याच्या यादीत या महिन्यात अडीच किलो साखर आणि अर्धा किलो गूळ आहे, म्हणजे प्रत्येकी रोज २० ग्रॅम. चहा पाचावरून तीनवर आला; घरच्या दोन्ही कपांत अर्धा अर्धा चमचा साखर असते, आणि बँकेतील एक कप अजून तसाच गोड आहे, कारण घरून चहा नेणे मला जमले नाही. मुलाने पावडर सोडली नाही, पण दोन चमच्यांऐवजी एक घेतो. सासऱ्यांच्या डॉक्टरांनी त्यांची एक गोळी कमी केली. पहिले तीन आठवडे मला दुपारी चारच्या सुमारास फार अस्वस्थ वाटे आणि चिडचिड होई. फुटाण्यांचा डबा टेबलाच्या खणात ठेवल्यावर ते हळूहळू थांबले.

उपाशीपोटीची साखर ९९ आणि एचबीए१सी ५.८ आली आहे. 'सूक्ष्मदर्शक' यांच्या सांगण्यावरून हिमोग्लोबिन तपासले होते, ते १०.४ निघाले आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. त्यामुळे एचबीए१सी जे उतरले त्यात साखरेचा वाटा किती आणि लोहाचा किती, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनीही पुढच्या तपासणीपर्यंत थांबायला सांगितले आहे. उपाशीपोटीच्या आकड्यावर मात्र लोहाचा असा परिणाम होत नाही, असे ते म्हणाले, आणि तेवढ्यावर मी समाधानी आहे.

गेल्या रविवारी पाहुणे आले होते. सासूबाईंनी चहाचा ट्रे बाहेर आणला, त्यावर साखरेची वाटी वेगळी होती, आणि 'आमच्याकडे आता ज्याची त्याने घालायची' असे त्यांनीच पाहुण्यांना सांगितले.