गोळ्या चुकवणारे बेजबाबदार? मग लघवीची गोळी घेऊन एसटीत बसून दाखवा

गोदाकाठ:
काल 'तिरकस' यांनी लिहिलं, "बीपी-शुगरच्या गोळ्या चुकवणारे बेजबाबदार. निव्वळ अडाणीपणा आणि आळस. डायलिसिसची वेळ आली की देव पाण्यात ठेवतात." डोकं सटकलं, म्हणून वेगळा धागा.

माझी आई ६२ वर्षांची. हार्ट अशक्त, पायांना सूज, म्हणून सकाळी लघवीची गोळी. ती घेतली की दोन-तीन तास नुसत्या फेऱ्या. गुरुवारी तालुक्याचा बाजार, एसटीने सव्वा तास. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाला एक तर कुलूप, नाहीतर आत पाऊल टाकवत नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, छान झालं, पण अर्ध्या तिकिटात लघवी अर्धी होत नाही. म्हणून गुरुवारी गोळी नाही. लग्नाला जायचं, गोळी नाही. आणि गंमत ऐका, तपासणीला जायचं त्या दिवशीही नाही! डॉक्टर दर वेळी सुजलेले पाय बघतात आणि डोस वाढवतात. दोनदा वाढवला.

राहिला अडाणीपणा. जागतिक आरोग्य संघटनेचा २००३ चा अहवाल म्हणतो, श्रीमंत देशांतही जुनाट आजाराचे जेमतेम निम्मे पेशंट सांगितल्याप्रमाणे औषधं घेतात. तिकडचेही अडाणीच का?

तिरकस:
आकडे मला नका सांगू. माझे वडील बीपीची गोळी "मला काही होतच नाही" म्हणत सोडून बसले. बीपीत काही होत नसतंच, होतं ते एकदमच. अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली. चार वर्षं चमच्याने भरवलंय मी. त्यात माझी नोकरी गेली. गोळी सोडल्यावर काय होतं ते मी खाटेच्या बाजूने बघितलंय. एक बाजार बुडाला तर काय आभाळ कोसळतं?

सासुरवाशीण:
आभाळ कोसळत नाही हो, पण आठवड्यातून एकदा उंबरा ओलांडायला मिळतो, तोही काढून घ्या. बोलायला सोपं.
माझं दुखणं वेगळंच आहे. मेडिकलवाले स्ट्रिप कापून देतात ते! सासूबाईंकडे तीन पांढऱ्या गोल गोळ्या. तुकड्यावर कधी नुसतं "५००", कधी तेही नाही. कॅल्शियमची समजून शुगरची दोनदा घेतली. पहाटे चारला घामाने न्हाऊन निघालेल्या, शुगर ५२. कात्री हिसकावून घ्यावी वाटते.

औषधवाला:
घ्या हिसकावून! मग जो मजूर संध्याकाळी येऊन "पाचच द्या, पगार शनिवारी" म्हणतो त्याला सांगा, अख्खी घे नाहीतर चालता हो. कापतो आम्ही त्याच्यासाठी. उरलेला तुकडा होलसेलवाला परत घेत नाही, तो आमच्या बोकांडी.

सासुरवाशीण:
मजुराला कापून द्या, कोण नाही म्हणतंय? पण एक्सपायरीवाला तुकडा नेमका तुमच्याच ड्रॉवरमध्ये कसा राहतो?

औषधवाला:
कारण पुढच्या गिऱ्हाइकाला तारीख दाखवायची असते, बाई. कागदी पाकिटावर नाव लिहून देतो मी. लोक पाकीट फेकतात.

पन्नाशीपार:
कात्री सोडा, मुळात घोळ कंपन्यांचा. एक गोळी दहाची स्ट्रिप, दुसरी पंधराची, तिसरी चौदाची. महिना तीस दिवसांचा. चार औषधं चार वेगळ्या दिवशी संपतात. माणूस म्हणतो सोमवारी सगळी एकदम आणू, आणि तीन दिवस एक गोळी नाहीच! १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा केला. त्यापेक्षा प्रत्येक गोळीमागे नाव छापा म्हणावं.

औषधवाला:
हे मात्र बरोबर. पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला शिव्या न घालता बोललं.

तिरकस:
धागा औषध न घेणाऱ्यांचा की कात्रीचा?

रिटायर_डॉक्टर:
कात्रीवाल्यांनी पाच मिनिटं थांबावं. गोदाकाठ, लघवीची गोळी सकाळीच घेतली पाहिजे असा काही नियम नाही. बाजारातून आल्यावर दुपारी घेतली तरी बहुतेकांना चालतं, त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. फक्त रात्री नको, झोपमोड होते आणि अंधारात पडायची भीती. आणि वाढवलेला डोस आता रोज नियमित पोटात गेला तर जास्त होईल, चक्कर येऊ शकते. "आजची गोळी घेतली होती का" हे तीस वर्षांत मीही क्वचितच विचारलं. बाहेर साठ जण बसलेले असायचे.

गोदाकाठ:
म्हणजे दोन वाक्यांचं काम होतं! पेशंटला बेजबाबदार म्हणण्याआधी...

तिरकस:
कळलं. आईंपुरता शब्द मागे. वडिलांपुरता नाही.

गोदाकाठ:
चालेल.
रात्री आईला विचारलं, डॉक्टरांना सांगितलं का नाहीस? म्हणाली, "त्या पोरगेल्या डॉक्टरसमोर लघवीचं काय बोलू? आणि तू तिथंच उभा असतोस की."

सासुरवाशीण:
पुढच्या वेळी बाहेर थांबा मग. बरं, कात्रीचं काय ठरलं?