प्रतिसाद: लक्ष असतं, उत्तराला वेळ लागतो

डिप्रेशनमधला माणूस बोलताना 'लक्षच देत नाही' असं मूळ पोस्टमध्ये लिहिलंय, ते मला नाही पटत. साध्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी ०.२ सेकंद लागतात आणि एक शब्द जुळवून तोंडातून काढायलाच साधारण ०.६, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपला मेंदू उत्तर तयार करत असतो. डिप्रेशनमध्ये बऱ्याचदा हाच वेग मंदावतो. बहीण आजारी होती तेव्हा 'खिडकी उघडू का?' विचारलं की तिचे ओठ हलायचे, तोवर मी दुसरा प्रश्न टाकलेला असायचा, आणि उत्तर यायचं ते पहिल्याचं! हे कळल्यावर मी मनात पाच आकडे मोजून थांबायला लागले, मग ती बोलायची.

आणि बोलताना मेंदूत काय चालतं ते बघायचं, तर एमआरआयमध्ये (मेंदूच्या आतलं चित्र काढणाऱ्या यंत्रात) गप्पा मारणं अवघड, डोकं हलवायचं नसतं, आवाजही प्रचंड. म्हणून निअर-इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने मेंदूतलं रक्त मोजणारी टोपी वापरतात, समोरासमोर बसून बोलता येतं, पण मेंदूच्या वरच्या थरातल्याच रक्ताचं कमी-जास्त होणं कळतं, खोलवरचं नाही. जपानमध्ये २०१४ पासून डिप्रेशनच्या निदानाला मदत म्हणून ही तपासणी विम्यात आहे, मात्र त्यात गप्पा नसतात, दिलेल्या अक्षरावरून शब्द सांगायचे असतात.