मदत हवी आहे: आकातेनांगोवर मुक्काम आहे, फुएगोच्या धारेवर जावं की नको?

खडकवाट

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं ग्वाटेमालाला जातोय. दोन रात्री आंतिग्वात, मग आकातेनांगो हा ज्वालामुखी चढून वर तंबूत मुक्काम आणि समोर शेजारच्या फुएगो या जागत्या ज्वालामुखीचे स्फोट, असा बेत आहे. दोन-दोन दिवसांच्या ट्रेकची सवय चौघांनाही आहे, पण ३,००० मीटरच्या वर कोणीच गेलेलं नाही.

१. कॅम्पवरून पुरेसं दिसतं, की संध्याकाळी फुएगोच्या धारेपर्यंतची जादा फेरी करावी?
२. गॅस मास्क लागतो का? एकाला दाढी आहे.
३. थंडीसाठी नेमकं काय न्यायचं?
४. दोघांना कॉन्टॅक्ट लेन्स आहेत. राखेचा त्रास होईल का?

धूळपाऊल

आधी उंचीचा हिशेब बघा. ला सोलेदाद गावाजवळ चढ सुरू होतो तो साधारण २,४०० मीटरवर. कॅम्प ३,६०० च्या आसपास, माथा ३,९७६. म्हणजे पहिल्याच दिवशी १,२०० मीटर चढ, चार ते सहा तास. सुरुवातीचा शेतांच्या कडेचा टप्पा दिसायला सोपा, पण सगळ्यांत जास्त दमवतो तोच. राखेची भुसभुशीत वाळू आहे, टाकलेलं पाऊल अर्धं मागे येतं. चवड्यावर चढू नका. पूर्ण तळवा टेकवून छोटी पावलं टाका आणि दोन काठ्या घ्याच. उतरताना हीच वाळू बुटात भरते, त्यामुळे गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण) हवेत.

वाटेत पाणी कुठेही नाही. माणशी ४ लिटर धरा. स्वयंपाकाचं पाणी एजन्सीचं की तेही तुमच्याच पाठीवर, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. कॅम्पवर पोचल्यावर कळलं तर उपयोग नाही.

आता धार. कॅम्पवरून आधी सुमारे ३०० मीटर खाली ला ओर्केता खिंडीत उतरायचं, तिथून फुएगोच्या अंगाने जवळपास तेवढंच वर. परत येताना तीच वाळू अंधारात चढायची. एकूण चार-पाच तास जातात, तेही दिवसभराच्या चढाईनंतर. शिवाय पहाटे माथ्यावर जायला साडेतीन-चारला निघावं लागतं. पहिल्यांदाच इतक्या उंचीवर येणाऱ्याला दोन्ही झेपेल असं मला वाटत नाही. बऱ्याच एजन्सी धारेचं वर पोचल्यावर ठरवू देतात, तशीच निवडा. कॅम्पवर डोकं ठणकत असेल किंवा जेवण नकोसं झालं असेल तर धारेचा विषय तिथेच संपला. मळमळ वाढली, चालताना तोल जायला लागला तर सकाळची वाट न बघता गाइडबरोबर खाली.

डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

राखरांगोळी

धूळपाऊल यांनी पायांचं सांगितलं, मी डोंगराचं सांगतो. धारेचा निर्णय फिटनेसवर नाही, फुएगोच्या त्या दिवसाच्या मूडवर घ्यायचा.

ज्वालामुखींवर नजर ठेवणारी ग्वाटेमालाची इन्सिवुमे ही संस्था रोजचं पत्रक काढते. स्पॅनिशमध्ये असतं, पण चार गोष्टी शोधल्या की काम भागतं: तासाला किती स्फोट, राखेचा स्तंभ किती उंच, वारा कुठल्या दिशेला, आणि 'फ्लुहो' हा शब्द आहे का. 'फ्लुहो दे लावा' म्हणजे लाव्हाचा प्रवाह. 'फ्लुहो पिरोक्लास्तिको' म्हणजे तापलेली राख, दगड आणि वायू यांचा लोट. हा लोट घळींतून गाडीच्या वेगाने खाली येतो, धावून तो चुकवता येत नाही. ३ जून २०१८ ला लास लाहास घळीतून तो उतरला आणि सान मिगेल लोस लोतेस हे गाव गाडलं गेलं. 'फ्लुहो' दिसला की धार रद्द. कोनरेड या आपत्ती निवारण यंत्रणेने बंदी घातली असेल आणि तरीही एखादा गाइड "मी नेतो" म्हणाला, तर तो गाइड बदला.

स्फोट थांबलेत म्हणून जवळ जाणं हा उलटा हिशेब आहे. विवराचं तोंड बुजलं असेल तर आत दाब साठत असतो. थोड्या थोड्या वेळाने नियमित धडधडणाऱ्या फुएगोपेक्षा अचानक गप्प झालेला फुएगो मला जास्त खटकतो.

खडकवाट

कालचं पत्रक उघडलं. स्तंभ ४,७०० मीटर लिहिलाय! एवढा उंच?

राखरांगोळी

ती समुद्रसपाटीपासूनची उंची. त्यातून फुएगोची ३,७६३ वजा करा. विवरावर साधारण ९४० मीटर, म्हणजे फुएगोसाठी नेहमीचंच.

धारेवर गेलातच तर हेल्मेट डोक्यावर हवं, सॅकला लटकवलेलं नको. स्फोट झाला की पाठ फिरवून पळू नका. वर बघा, दगड कुठे येतोय ते हेरा आणि शेवटच्या क्षणी बाजूला व्हा. पळणाऱ्याला दगड दिसत नाही आणि वाळूत पायही साथ देत नाहीत.

कानटोपी

मास्क आणि थंडीबद्दल.

एन ९५ राखेसाठी ठीक, सल्फर डायऑक्साइडसाठी शून्य. त्या वायूला पिवळ्या पट्ट्याचं 'ई' प्रकारचं काडतूस (वायू गाळणारा डबा) लावलेला गॅस मास्क लागतो, आणि राखेसाठी त्या डब्यालाच पांढऱ्या पट्ट्याचा कण गाळणारा फिल्टर जोडलेला हवा. तो मास्क दाढीवर बसत नाही, कडेने हवा आत येते. दाढी काढा किंवा मास्कच्या भरवशावर राहू नका. कॅम्पपुरतं बोलायचं तर एन ९५ बास. आकातेनांगो फुएगोच्या उत्तरेला आहे आणि कोरड्या मोसमात वारा बहुतेक वेळा राख पश्चिम-नैर्ऋत्येला नेतो. वारा फिरून घसा चुरचुरायला लागला तर आडवं चालत वायूच्या लोटाच्या बाहेर पडा. खळग्यात बसू नका, जड वायू तिथेच साचतात.

लेन्स खालीच ठेवून या, चष्मा घाला. राख म्हणजे काचेचा चुरा. लेन्सखाली एक कण गेला तरी बुबुळावर ओरखडा. डोळ्यात गेलीच तर चोळू नका, बाटलीतलं पाणी सोडून धुवा.

थंडीला लोक हलक्यात घेतात. जानेवारी २०१७ मध्ये याच डोंगरावर सहा गिर्यारोहक थंडीने गेले, लाव्हाचा काही संबंध नव्हता. रात्री पारा शून्याजवळ येतो आणि वाऱ्यात त्याहून बराच खाली वाटतो. खरा घोळ होतो तो ओल्या बनियनमुळे. घामाने भिजलेले कपडे कॅम्पवर पोचल्या-पोचल्या बदला, अंग गरम असतानाच. नंतर बदलू म्हटलं की ते होत नाही. लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा कोरडा जोड, जाड फ्लीस, पिसांचं जाकीट, वारा अडवणारा बाहेरचा थर, दोन जोड हातमोजे, कानटोपी. सुती काहीही नको. एजन्सीची स्लीपिंग बॅग खालीच उघडून चेन चालते का बघा.

खडकवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. धार रद्द, कॅम्प आणि माथा पक्का. तंबूपासून फुएगो नेमका किती लांब असतो? फोटोसाठी कुठली लेन्स न्यावी ते ठरवायचंय. (कॅमेऱ्याची!)

धूळपाऊल

साधारण ३ किलोमीटर, तिथेच मोजूनही बघता येईल. ठिणग्या उडाल्या की सेकंद मोजायला लागा. आवाजाला किलोमीटरमागे तीन सेकंद लागतात, म्हणजे धडाका नवव्या-दहाव्या सेकंदाला पोचेल. ७० ते २०० मिमीची झूम पुरते. शटर ८ ते १५ सेकंद उघडा ठेवा, ट्रायपॉडला खाली सॅक टांगा, नाहीतर वाऱ्याने सगळे फोटो हलतील. जादा बॅटऱ्या रात्री झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. थंडीत त्या भराभर उतरतात.